पाच वाजताचा डाव

शेजारच्या मॅडमनी परवा मला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. सराव न करता बुद्धिबळ जिंकायच्या युक्त्या. खाली लिहिलं होतं, ताई, तुम्हाला येते ना हे, बरोबर आहे का पाहून सांगा, माझ्या पोरीची शाळेत स्पर्धा आहे. मी तो पूर्ण पाहिला. एक चष्मेवाला भरभर बोलून राहिला होता, चार चालींत मात, सहा चालींत मात. आधी हसू आलं, मग रागच आला. याला काय डोंबलाच्या युक्त्या माहीत? याला म्हणावं, सौंसरला ये बापा, आमच्या घरी. चार चाली मोजायचीही गरज पडणार नाही तुला.

आमच्या घरी म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. मी त्यांना मामाजी म्हणते, इकडे सुना तसंच म्हणतात. हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, आता त्र्याऐंशीचे आहेत, दात सोडून बाकी सगळं शाबूत. आयुष्यात त्यांनी बुद्धिबळाचं पुस्तक उघडलं नाही, एक डाव एकट्यानं मांडून पाहिला नाही, आणि अख्ख्या सौंसरमध्ये त्यांना कुणी हरवलं नाही. हे ते स्वतःच सांगतात, पाहुणा चपला काढायच्या आधी सांगतात. आणि खरंच आहे ते. मी सत्तावीस वर्षं समोर बसून पाहिलं आहे.

आता युक्त्याच ऐकायच्या तर ऐका. आमच्याकडे बुद्धिबळ दोन तऱ्हेनं खेळतात. जुनी माणसं देशी खेळतात, त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. शिकलेली पोरं नव्या नियमानं खेळतात. मामाजी डाव सुरू होताना कुठला नियम ते सांगतच नाहीत. अर्धा डाव नव्यानं चालतो. मग त्यांचा राजा कोपऱ्यात सापडला की तो टुणकन उडी मारतो. समोरचा म्हणतो, सर, हे कसं? मामाजी म्हणतात, "देशी खेळून राहिलो ना आपण, तुले मालूम नाही का?" देशीत ती उडी एकदाच असते. मामाजींचा राजा मी एका डावात तीनदा उडताना पाहिला आहे.

पट ते नेहमी बाजेवर मांडतात. टेबल आहे घरात, चांगलं सागवानी आहे, पण नाही, बाजच पाहिजे. डाव अंगावर आला की मामाजी मांडी बदलतात. सुंभ हलतो, पट तिरपा होतो, मोहरे घरंगळतात. मग सगळे मोहरे ते स्वतः उचलतात आणि जिथल्या तिथे ठेवतात. त्यांच्या जिथल्या तिथे म्हणण्यात त्यांचा हत्ती एक घर पुढं असतो आणि तुमचा उंट गादीखाली गेलेला असतो. तो दुसऱ्या दिवशी झाडताना सापडतो.

आणि शनिवार. शनिवारी ते जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जातात, कपाळाला शेंदूर लावून येतात आणि तसेच खेळायला बसतात. कुणाची छाती आहे त्या शेंदुराला शह द्यायची? शिवाय खेळायला येणारे कोण, तर त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यातले काही आता आजोबा झाले, पण मामाजींनी "हं?" केलं की अजून त्यांचे हात मांडीवर जातात. एक तर पंचायतीत मोठ्या पदावर होता, बाहेर त्याच्यापुढं माणसं उभी राहायची. आमच्या बाजेवर बसला की नाक पुसत हरायचा.

पण हे सगळं किरकोळ. सराव न करता जिंकायचा मामाजींचा खरा उपाय मी होते.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, वडील आणि काका दोघं मिळून पाहायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काका गादीवर पट मांडायचे आणि मला बोलवायचे. त्यांनी मला आधी देशी शिकवलं, मग नवं शिकवलं, मग म्हणाले, आता मले तुझ्याकडून शिका लागन. कॉलेजात मुलींत मी पहिली आले, मग मुलांशी खेळले तर त्यांच्यातही पहिली आले. एकदा बाहेरगावी खेळायला गेले तेव्हा काका दुकान सोडून सोबत आले होते. मी खेळत असताना ते खिडकीबाहेर उभे राहून माझ्या हातांकडे पाहायचे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला येत होतं. कुणाला स्वयंपाक येतो, कुणाला गाणं येतं, मला हे येत होतं, एवढंच.

मग सौंसरचा रिश्ता आला. मुलगा वीज खात्यात, वडील हेडमास्तर, घर स्वतःचं. पाहायला आले तेव्हा मामाजींच्या बगलेत घडीचा लाकडी पट होता. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. ते म्हणाले, "पोरीले काय येते?" वडील कौतुकानं बोलून गेले की बुद्धिबळ येतं, कॉलेजात पहिली आहे. मामाजी म्हणाले, "मंग होऊन जाऊ दे एक डाव." सगळे हसले. मला वाटलं, किती चांगला माणूस आहे. लोक पोरीला चालायला लावतात, गायला लावतात, हा खेळायला लावून राहिला.

मी एकवीस वर्षांची होते. पदर सांभाळत खेळून राहिले होते तरी वीस चालींत त्यांचा राजा अडकला. माझा उंट नेम धरून बसलेला होता, वजीर सरळ पुढं न्यायचा की मात. मी वजिराला हात घातला. काय वाटलं कोण जाणे, मी मान वर केली. आई स्वयंपाकघराच्या दारात रिकामा ट्रे घेऊन उभी होती. तिनं मान हलवली. फार नाही, इतकीशी. नको.

मी हात मागे घेतला आणि घोडा कुठंतरी नेऊन ठेवला. चार चालींनी मामाजींनी मला मात दिली. "वा, चांगली खेळते पोरगी," ते म्हणाले आणि रिश्ता पक्का झाला. साखर वाटली गेली. काका तेवढे साखर न घेता उठले आणि दुकानात गेले. त्यांना दिसलं होतं. त्यानंतर मी माहेरी किती वेळा गेले, काकांनी माझ्यासमोर पट काढला नाही. त्यांच्या जिवंतपणी आम्ही पुन्हा खेळलो नाही. माणसानं रागवावं, चार शब्द बोलावेत. त्यांनी काहीच म्हटलं नाही, आणि ते मला अजून खुपतं.

लग्नानंतर मी शिक्षाकर्मी म्हणून लागले, जवळच्याच एका गावात शाळा मिळाली. शाळेतून यायचं, पाय धुवायचे, चहा ठेवायचा, आणि पाच वाजता बाजेवर बसायचं. मामाजींचा आवाज यायचाच, "ये वो, मांडला डाव." रोज. बाळंतपणाचे दिवस आणि सासूबाई गेल्या ते दिवस सोडले तर रोज. आणि मी रोज हरले.

तुम्ही म्हणाल, काहून हरली? एवढं येत होतं तर द्यायची एक दिवस ठेवून. अहो, दिली नसती का! पहिल्या वर्षी नवी सून होते. दुसऱ्या वर्षी एकदा ठरवलं, की बस, आज काही झालं तरी सोडायचं नाही. सगळ्या वाटा बंद केल्या आणि शह म्हटलं. मामाजींनी पटाकडं पाहिलं, मग छातीला हात लावला. "जीव घाबरून राहिला माझा," म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले. पट पालथा, मोहरे खाली. धावपळ झाली, डॉक्टर आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि गॅस आहे म्हणाले. पण तोवर सासूबाई माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "एका खेळासाठी म्हाताऱ्याचा जीव घेतं का वो?" तेव्हा मामाजी अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग मी माझा वेगळाच खेळ सुरू केला. हरायचंच आहे ना, मग कसं हरायचं ते मी ठरवणार. आज तीस चालींत हरायचं, एकतीस नाही. आज माझा राजा त्या डावीकडच्या कोपऱ्यात मरायला पाहिजे. आज आधी मामाजींचा वजीर अडचणीत आणायचा आणि मग त्यांना कळू न देता सोडवून द्यायचा. हे जिंकण्यापेक्षा कठीण आहे, करून पाहा. मामाजी मिशीत हसत मात द्यायचे, मी म्हणायचे, "वा मामाजी, जिंकले तुम्ही," आणि आत जाऊन कणीक मळताना मनात म्हणायचे, म्हाताऱ्या, तू नाही जिंकला. मी जिंकवला तुले.

त्या घरात माझं म्हणून एवढंच होतं. पगार घरात जायचा, पोराला आडनाव त्यांचं, भाजी त्यांच्या चवीची. पण हे माझं होतं. हा माणूस रोज माझ्या दयेवर जिंकतो आणि त्याला पत्ताच नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी ताठ मानेनं वावरले. हसा, पण खरं सांगते आहे.

एकदा राहवलं नाही म्हणून ह्यांना सांगितलं. हे म्हणजे माझे मालक. म्हटलं, मी मुद्दाम हरते बाबांकडून. ह्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडं पाहिलं आणि हसले. "हरणारे सगळे असंच म्हणतात," असं बोलून पेपर वर केला. तेव्हा कळलं की हे माझं धन कुणाला दाखवताही येणार नाही. त्याला साक्षीदारच नव्हता. एक काका होते, ते गेले.

पोरगा मोठा झाला. त्याला खेळात गोडी नाही, त्याच्या बापावर गेला. बोरगावला कारखान्यात लागला, घरूनच जाऊन येऊन करतो. त्याच्यासाठी मुली पाहणं सुरू झालं आणि मोबाइलवर बायोडाटे यायला लागले. गोरी, सुशील, गृहकृत्यदक्ष. सगळ्यांची आवड तीच, वाचन, स्वयंपाक, संगीत. एकीच्या बायोडाट्यात मात्र लिहिलेलं होतं, आवड बुद्धिबळ. तेवढंच, बाकी काही नाही. मुलगी पांढुर्ण्याचीच, माझ्या माहेरची, वडिलांचे संत्र्याचे बगीचे. मी तो मोबाइल उशाशी घेऊन बसले. फोटोही नंतर पाहिला.

माझ्या मनात काय होतं ते स्पष्टच सांगते. सून पाहिजेच होती, पण मला समोर बसणारं माणूस पाहिजे होतं. जिला खेळ कळतो आणि जी माझा हात पाहून ओळखेल की ही बाई कोण आहे. मरायच्या आधी एक खरा डाव, बस. आणि दुसऱ्या दोन ठिकाणची बोलणी मामाजींनी आधीच मोडली होती. पट घेऊन गेले होते ते तिथंही. परत आल्यावर एकीचं म्हणाले घराणं जमत नाही, दुसरीचं म्हणाले नाक वर आहे. मला वाटलं म्हातारपणाचा हट्ट आहे. मी काही त्या वेळी सोबत नव्हते, शाळा होती.

या वेळी मी रजा टाकून गेले. मुलगी पाहिली आणि माझं मन तिथंच बसलं. चटपटीत, बोलताना डोळ्यांत पाहणारी. मला घर दाखवायला आत घेऊन गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "खरंच खेळतं का तू, का नुसतं लिहिलं?"

"खेळतो ना, रोज मोबाइलवर खेळतो," ती म्हणाली. इकडच्या पोरी बोलतात तशीच, मुलांसारखी. "तुम्हाले येते?"

"येते," मी म्हटलं. "तू ये तर आधी घरी. मंग आपण दोघी खेळू."

ती हसली. मीही हसले. किती वर्षांनी मी कुणाला, मला येते, असं म्हटलं होतं.

बाहेर मामाजींनी पट काढलेलाच होता, तोच, घडीचा. बिजागरी गंजली होती तरी तोच. पाहुणे मोबाइल काढून शूटिंग करू लागले, आजोबा आणि पोरगी, काय गंमत. मुलगी सोफ्यावरून खाली सतरंजीवर येऊन बसली आणि खेळायला लागली. अरे देवा, काय खेळली ती! विचार करायला थांबतच नव्हती. मामाजींच्या राजानं एकदा उडी मारली, तिनं नुसतं भुवई वर करून पाहिलं आणि दुसऱ्या बाजूनं कोंडला. दुसरी उडी मारायला जागाच ठेवली नाही. आणि शेवटी काय ठेवलं होतं तर प्यादं. एक घर पुढं, आणि मात. जुन्या खेळात प्याद्यानं मात म्हणजे सगळ्यात वरची, ज्याला बसते तो वर्षभर तोंड दाखवत नाही.

दे, मी मनात म्हटलं. दे पोरी. माझ्या सगळ्या वर्षांची दे.

तिनं प्याद्यावर बोट ठेवलं आणि मान वर केली. तिची आई समोरच बसलेली होती, पण ती आईकडं पाहून राहिली नव्हती. माझ्याकडं पाहून राहिली होती. आत्ताच तर आत बोलणं झालं होतं आमचं.

आणि मी मान हलवली. इतकीशी. नको.

का हलवली? आधीच्या दोन पोरी या पटापायीच गेल्या असतील, असं वाटलं. मामाजी हरले तर उद्या हिचंही नाक वर निघेल आणि ही मला मिळणार नाही, हे एवढं एका क्षणात डोक्यात आलं. म्हटलं, आजचा एक डाव दे त्यांना, मग सगळे डाव आपलेच आहेत. मी तिच्या भल्यासाठी नाही हलवली, माझ्या लालचेनं हलवली. माझ्या आईनं कशासाठी हलवली होती ते तिला विचारायचं राहूनच गेलं.

मुलीनं बोट उचललं आणि दुसरंच प्यादं सरकवलं. थोड्या वेळानं मामाजी जिंकले, टाळ्या पडल्या आणि मुलगी पसंत झाली.

परत येताना हे गाडी चालवत होते, पोरगा शेजारी, मी आणि मामाजी मागं. मामाजी खुशीत होते. गाव मागं पडल्यावर म्हणाले, "चांगली आहे पोरगी. मात दिसून राहिली होती तिले, पण हात मागं घेतला."

मला वाटलं माझे कान वाजले. मी म्हटलं, "तुम्हाले दिसली होती मात, मामाजी?"

"मले नाही दिसन? प्यादं समोर उभं होतं." ते मजेत सुपारी चघळत होते. "बुद्धिबळ मले येत नाही वो. मी कधी शिकलोच नाही. पण माणसं येतात मले, जिंदगीभर पोट्टे हाकलले आहेत. मी पट कायले नेतो? पोरगी जिंकते का थे पाहाले. जिंकली त चहा पेऊन उठाचं. आणि जिले येतच नाही, थे हरली त काय कळते? जिले मात दिसते आणि तरी हात मागं घेते, थेच घरात टिकते."

मग म्हणाले, "तुलेही तसंच पाह्यलं होतं. तुझा वजीर होता, उंटाच्या जोरावर. हात लावला होता तू."

"बाबांचं गणित भारी आहे," पुढून हे हसत म्हणाले. पोरगाही हसला.

वजीर आणि उंट. माणसाला सत्तावीस वर्षांपूर्वीची जागा आठवत होती. म्हणजे तीस चालींत हरले तेही दिसत होतं, डावीकडच्या कोपऱ्यातला राजाही दिसत होता. मी कणीक मळत ज्याच्यावर दया करून राहिले होते तो बाजेवर बसून माझी हजेरी घेत होता, आज आली का, आज हरली का. मला गाडीचं दार उघडून उतरून जावंसं वाटलं. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि करणार काय? मी खिडकीची काच खाली केली. मामाजी म्हणाले, वारा लागून राहिला, तर पुन्हा वर केली.

लग्न झालं. सून आली, आणि पहिल्याच आठवड्यात पाच वाजता हाक आली ती तिच्या नावानं. मला सुटी मिळाली म्हणा. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहायचे. ती झटपट मोहरे मांडायची, झटपट हरायची आणि म्हणायची, "वा आजोबा, जिंकले तुम्ही." माझ्यापेक्षा लवकर शिकली. मांडताना कधी माझ्याकडं पाहायची नाही.

मी वाट पाहिली. मग एका शनिवारी हे मामाजींना जामसांवलीला घेऊन गेले, पोरगा ड्यूटीवर. मी पट काढला आणि बाजेवर नाही, टेबलावर मांडला. तिला हाक मारली. म्हटलं, "बस. आज आपण दोघी. खरं खेळाचं, नव्या नियमानं. इथं कोणी नाही."

"हो आई," ती म्हणाली आणि ओले हात पुसत बसली.

काय सांगू. मला येईना. खेळ दिसत होता, चाल दिसत होती, पण हात त्या घराकडं जायचाच नाही. चांगल्या घरावरून तो आपोआप बाजूला सरकायचा आणि मोहरा असा ठेवायचा की समोरच्यानं तो सहज घ्यावा. इतकी वर्षं हाताला हेच शिकवलं होतं मी. लाज वाटली, पण बरंही वाटत होतं, कारण ती छान खेळून राहिली होती. बघता बघता तिनं मला कोंडलं. हत्ती शेवटच्या ओळीत आणायचा, की मात. मला दिसली आणि आनंदानं डोळे भरून आले. हरणार होते, पण खरी हरणार होते, आणि जिनं हरवलं तिला माझी किंमत कळली असती.

तिनं हत्तीला हात घातला आणि मान वर केली.

या वेळी मी मान हलवली नाही. मोठ्यानं म्हटलं, "मार. मार ना वो."

ती माझ्या तोंडाकडं पाहून राहिली होती. मी खरं बोलते आहे की कसं ते तपासून राहिली होती, आणि तिला पटलं नाही. कसं पटावं? मीच तर शिकवलं होतं तिला, तिच्या माहेरी, भर बैठकीत. तिनं हात मागे घेतला आणि घोडा कुठंतरी नेऊन ठेवला. "मले दिसलंच नाही आई," ती गोड आवाजात म्हणाली. "तुमचीच बाजू भारी आहे."

आता माझा वजीर मोकळा होता, तिचा राजा समोर उघडा. मी पट ढकलून द्यायला पाहिजे होता. उठून जायला पाहिजे होतं, नाहीतर तिला दोन शब्द सुनवायला पाहिजे होते. पण माझा हात उठला, वजिरावर गेला, आणि या वेळी तो बाजूला सरकला नाही. मी मात दिली.

"वा आई, जिंकल्या तुम्ही," ती म्हणाली. आवाज हुबेहूब माझा होता.

मग तिनं मोहरे डब्यात भरले, पट मिटला आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठेव.